मालागाच्या गोड वाइनचा एक हंगाम : कागदपत्रांपासून पिळणीपर्यंत

स्पेनमधील मालागा प्रांतातल्या एका लहान, एकाच कुटुंबाने चालवलेल्या वाइनरीत मी ४ ऑगस्ट ते २६ सप्टेंबर २०२५ या काळात विद्यार्थी म्हणून इंटर्नशिप पूर्ण केली. तिथे मुख्यतः गोड वाइन तयार होते. द्राक्षे उन्हात सुकवून पिळायची आणि त्या दाट रसाची वाइन जेवणाच्या शेवटी लहान पेल्यातून घोट घोट घ्यायची, असा तिचा प्रकार आहे. त्याआधीचे सात महिने मी ज्या कागदांच्या मागे होते, त्यांविषयी मला मराठीत काहीच सापडले नव्हते आणि इंग्रजीत जे सापडले ते बहुतेक नोकरीच्या व्हिसाविषयी होते. म्हणून तारखा, खर्च आणि चुका यांसह सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे आणि निम्मा माल दरवर्षी बेदाण्याला जातो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आमच्या घरात बोलण्याचा दुसरा विषय नसतो : सुकवण्याच्या शेडवर किती माल चढला, डिपिंग, म्हणजे द्राक्षे द्रावणात बुडवणे, नीट झाले का आणि अवकाळी येणार का. पुढे द्राक्षशेती आणि वाइननिर्मिती या विषयाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला माद्रिदमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा इंटर्नशिप सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनरीतच करायची, हे मी मुंबईहून विमानात बसण्याआधीच ठरवले होते. आजीला मात्र शेवटपर्यंत "द्राक्षाच्या कारखान्यात जाणार आहे" एवढेच सांगितले.

विद्यार्थी व्हिसाचे काम थोडक्यात सांगते, कारण त्यावर माहिती सहज मिळते. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असल्यामुळे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र (पासपोर्ट कार्यालयाचे शुल्क ५०० रुपये), आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचा उल्लेख असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र, उपचाराच्या वेळी आपल्या खिशातून काही भरावे लागत नाही असा आरोग्य विमा आणि दरमहा किमान ६०० युरो या हिशेबाने वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवणारी बँकेची कागदपत्रे लागली. पदवी आणि पोलीस प्रमाणपत्र यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, करून मगच त्यांचे स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर करावे, कारण अपॉस्टिलचा शिक्काही भाषांतरात यावा लागतो. मी उलट क्रमाने केले आणि भाषांतराचे पैसे दोनदा भरले. २४ जून २०२४ रोजी मुंबईत अर्ज दिला आणि २ ऑगस्टला व्हिसा हाती आला.

माद्रिदला पोहोचल्यावर एका महिन्याच्या आत परदेशी व्यक्तीच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे टी.आय.ई. कार्डासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी ई-एक्स १७ हा फॉर्म, ७९० क्रमांकाच्या चलनाचा ०१२ हा प्रकार, राहत्या पत्त्याची पालिकेतली नोंद आणि बोटांच्या ठशांसाठी आधी घेतलेली वेळ लागते. या वेळेला तिकडे 'सिता' म्हणतात आणि ती मिळवणे हेच खरे काम आहे. मी अकरा दिवस सकाळी आठच्या आधी संकेतस्थळ उघडून बसत होते. बाराव्या दिवशी दुपारी एक वाजता सहज पाहिले, तर तीन वेळा मोकळ्या दिसल्या. पत्त्याच्या नोंदीसाठी घरमालकाची सही लागते, म्हणून खोली ठरवतानाच तसे विचारून घ्यावे. माझी पहिली खोली स्वस्त होती, पण मालक नोंदणीला तयार नव्हता, आणि ती सोडताना पंधरा दिवसांचे भाडे बुडाले.

जानेवारी २०२५ मध्ये वाइनरी शोधायला सुरुवात केली. मालागाचा आग्रह धरण्यामागे कारण होते. शहराच्या पूर्वेला अक्सार्किया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे मोस्कातेल दे आलेखांद्रिया ही द्राक्षे उघड्यावर, उन्हात सुकवण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला आहे. एके काळी या प्रांतात एक लाख हेक्टरांहून अधिक द्राक्षवेली होत्या आणि इथली गोड वाइन नि मनुका युरोपभर जात असत. १८७८ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड याच भागातल्या मोक्लिनेखो गावाजवळ सापडली आणि काही वर्षांतच डोंगर उघडे पडले. आता जे उरले आहे ते काही हजार हेक्टर आहे आणि वाइनरी बहुतेक लहान आहेत.

मी २३ वाइनरींना ई-मेल पाठवले. दोनच उत्तरे आली आणि दोन्ही नकाराची होती. एका उत्तरात कारण दिले होते, आणि ते कळल्यामुळेच पुढचा मार्ग सापडला : १ जानेवारी २०२४ पासून स्पेनमध्ये बिनपगारी इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याचीही सामाजिक सुरक्षा यंत्रणेत नोंद करावी लागते आणि तीन माणसांच्या वाइनरीला हंगामाच्या तोंडावर ही जास्तीची कागदपत्रे नको असतात. विद्यापीठाच्या कार्यालयात विचारल्यावर असे समजले की, बिनपगारी इंटर्नशिपमध्ये ही जबाबदारी एरवी आस्थापनेवर येते, परंतु करारपत्रात तसे लिहून घेतले तर ती विद्यापीठाला स्वतःकडे घेता येते. हे वाक्य मी पाठ केले. ई-मेल थांबवले आणि फोन करायला लागले, कारण लहान वाइनरीत ई-मेल वाचणारा माणूस आणि टाकी धुणारा माणूस बहुधा एकच असतो. माझे स्पॅनिश तेव्हा फोनवर बोलण्याइतके चांगले नव्हते, म्हणून पहिली पाच वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवत असे. सहाव्या फोनवर एका वाइनरीच्या मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्हाला द्राक्षे सुकवण्यातले काय माहीत आहे?" मी पाठ केलेली वाक्ये बाजूला ठेवली आणि जमेल तशा स्पॅनिशमध्ये आमच्या शेडविषयी दहा मिनिटे बोलले. त्यांनी मार्चमध्ये भेटायला बोलावले.

माद्रिदहून मालागाला वेगवान रेल्वेने जेमतेम तीन तास लागतात आणि तिकीट महिनाभर आधी काढले तर निम्म्या दरात मिळते. तिथून वेलेस-मालागापर्यंत बस आहे. पुढच्या गावाला दिवसातून फार थोड्या बस जातात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. भेट चांगली झाली, पण करारपत्रावर वाइनरी, विद्यापीठ आणि मी अशा तिघांच्या सह्या व्हायला सात आठवडे लागले. मधल्या काळात मी दोन गोष्टी उरकल्या. एक म्हणजे सामाजिक सुरक्षा क्रमांक, जो ऑनलाइन अर्ज केल्यावर मिळाला, आणि दुसरी म्हणजे संगणकावर वापरायचे डिजिटल प्रमाणपत्र, ज्यासाठी आधी अर्ज करून मग ओळख पटवायला प्रत्यक्ष जावे लागते. स्पेनमध्ये शिकायला येणाऱ्या कोणालाही मी हे प्रमाणपत्र पहिल्याच महिन्यात काढायला सांगेन, कारण ते हाती आल्यानंतर मला एकदाही 'सिता'साठी पहाटे उठावे लागले नाही.

४ ऑगस्टला काम सुरू झाले. गावात २५० युरो महिना भाड्याने खोली मिळाली आणि दुपारचे जेवण वाइनरीकडे होते. काम सकाळी सातला सुरू होऊन दुपारी दोनला थांबत असे, कारण त्यानंतर उतारावर उभे राहणे शक्य नसते. तो उतार छायाचित्रांत कळत नाही. पाटीच्या दगडाचा चुरा पायाखाली सरकतो, वेली मांडवावर न चढवता जमिनीलगत झुडपासारख्या वाढवलेल्या असतात, आणि ट्रॅक्टर तिथे चालत नसल्यामुळे भरलेल्या पेट्या खेचराच्या पाठीवरून खाली येतात. आमच्याकडे मांडवाखाली सरळ उभे राहून घड काढता येतो. इथे पहिल्या आठवड्यात माझी कंबर इतकी धरली की, रात्री कूस बदलतानाही जाग येत असे. घोट्यापर्यंत येणारे बूट घेऊन जा. मी साधे खेळाचे बूट नेले होते आणि ते नवव्या दिवशी फाटले.

सुकवण्याच्या जागेला तिथे 'पासेरो' म्हणतात. दक्षिणेकडे उतरत जाणारे लांबट चौकोनी वाफे, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला चुन्याने रंगवलेली त्रिकोणी भिंत, आणि तिच्या आधाराने रात्री ताडपत्री ओढून घ्यायची, अशी ही रचना आहे. लांबून पाहिले तर डोंगरावर लहान लहान घरांची फक्त छपराकडची बाजू उभी केल्यासारखी दिसते. या वाफ्यांवर घड एकेक करून, एकावर एक न येऊ देता मांडायचे, अर्ध्या वाटेवर ते उलटायचे, संध्याकाळी झाकायचे आणि सकाळी दव उडाल्यावर उघडायचे.

मला वाटले होते की हे काम मला येते. तसे ते येत नव्हते. तासगावात आपण द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, त्यामुळे सालीवरचे मेण सुटते आणि पाणी लवकर बाहेर पडते. मग माल सावलीत, जाळीच्या रॅकवर बारा ते पंधरा दिवस ठेवतो आणि रंग पिवळा-हिरवा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतो. काळा पडलेला बेदाणा म्हणजे पडलेला भाव, हे लहानपणापासून डोक्यात बसलेले. इथे सगळेच उलटे होते. द्राक्षांना काहीही लावायचे नाही, ऊन थेट अंगावर घ्यायचे, आणि तपकिरी रंग हवाच, कारण त्याच बरोबर वाळलेल्या अंजिराचा नि मधाचा तो वास येतो, ज्यासाठी लोक ही वाइन विकत घेतात. तिसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंच्या वडिलांना विचारले की, तुम्ही डिपिंग का करत नाही. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी त्यांना आदरार्थी बोलले की चिडत असत. ते म्हणाले, "मनुका पाण्याने धुऊन खाता येतो. वाइन कशाने धुणार?"

माझी मोठी चूक पाचव्या दिवशी झाली. आमच्या शेडवर माल लवकर सुकावा म्हणून हलवण्याची सवय असल्यामुळे मी पासेरोच्या दोन ओळी कोणाला न विचारता उलटल्या. मणी अजून टपोरे आणि रसाने भरलेले होते. उलटताना कित्येकांची साल देठापाशी फाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन ओळींवर गांधीलमाश्या नि चिलटे बसली होती. फाटलेला मणी आंबट होतो आणि तो आंबटपणा थेट वाइनमध्ये उतरतो. मी आणि मालकीणबाईंनी मिळून सुमारे ४० किलो घड निवडून टाकले. त्या रागावल्या नाहीत, पण त्यानंतर आठवडाभर मला पासेरोवर एकटीला पाठवले नाही. घड कधी उलटायचा, तर वरचा मणी बोटांनी दाबल्यावर तो पुन्हा फुगत नाही तेव्हा. हे मी नंतर शिकले.

हवेविषयी तिथल्या लोकांचे दोन शब्द मी ऐकून घेतले. जमिनीकडून येणारा कोरडा, भाजणारा वारा म्हणजे 'तेर्राल'. शहरातली माणसे त्याच्या नावाने बोटे मोडतात आणि पासेरोवाले मनातल्या मनात खूश असतात. समुद्रावरून चढणारे दमट धुके म्हणजे 'तारो'. ते आले की संध्याकाळी सहालाच झाकाझाक सुरू होते. २९ ऑगस्टच्या रात्री पावणेतीन वाजता माझ्या खोलीचे दार वाजले. झिमझिम सुरू झाली होती आणि वाऱ्याने दोन ताडपत्र्या उडाल्या होत्या. मोबाइलच्या उजेडात आम्ही चौघे तासभर दगड ठेवत फिरत होतो. ते काम करताना मला अजिबात परके वाटले नाही, कारण मार्चमधल्या अवकाळीत घरातल्या सगळ्यांनी शेडच्या बाजूंना कागद बांधायला पळणे, हे मी दरवर्षी केलेले आहे. पाऊस वीस मिनिटांत थांबला. सकाळी वडिलांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी माल किती भिजला ते विचारले आणि मग मी कशी आहे ते.

पिळणी १९ ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने झाली. मनुका पूर्ण सुकवतात, पण वाइनसाठी घड त्याआधीच उचलतात. आमच्या पहिल्या खेपेला बारा दिवस लागले. मांडताना २३ ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेचे साधारण टक्के) असलेली गोडी उचलताना सरासरी ३८ वर गेली होती, आणि ९०० किलो द्राक्षांचे वजन सुमारे ४८० किलो झाले होते. असा माल पिळणे हे फार चिवट काम आहे. उभ्या प्रेसमध्ये तो थर देऊन भरायचा, दाब हळूहळू वाढवायचा, थांबायचे, लगदा उकलून पुन्हा भरायचा. पहिला तास तर काहीच येत नाही, आणि मग काकवीसारखी एक धार सुरू होते. त्या खेपेचे २४० लिटर मिळायला संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला. रात्रीची पाळी मी मागून घेतली होती, आणि पहाटे चारला मालकीणबाईंच्या वडिलांनी थंडगार आहोब्लांको आणून दिले. बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेले हे पातळ सार ताज्या मोस्कातेलचे मणी घालून पितात. बदामाच्या वाटणात लसूण ही कल्पना मला दिवसा पटली नसती.

इतक्या गोड रसात यीस्ट तग धरत नाही. साखर पेशीतले पाणी ओढून घेते, म्हणून आधी थोड्या रसात यीस्ट वाढवून, तो रस टप्प्याटप्प्याने गोड करत नेऊन, मग मुख्य टाकीत घालतात. आपल्या विरजणाचीच ही थोडी लाडावलेली बहीण म्हणावी. मालागात काही गोड वाइनमध्ये द्राक्षांपासून काढलेला मद्यार्क मिसळून किण्वन थांबवतात. ही वाइनरी तसे करत नाही. इथे मद्यार्क १३ टक्क्यांच्या आसपास पोहोचला की यीस्ट आपोआप थकते आणि जवळजवळ निम्मी साखर तशीच राहते. माझे काम रोज सकाळी आणि संध्याकाळी रसाची घनता, जी साखर संपत जाते तशी उतरते, मोजून वहीत लिहिण्याचे होते, तापमान १८ अंशांच्या वर जाऊ न देण्याचे आणि वास घेऊन व्हिनेगरची चाहूल लागली तर लगेच सांगण्याचे. काही दिवशी घनता एका बिंदूनेही उतरत नसे. मला वाटे की मीच मोजताना चुकते आहे. तसे नव्हते, ती वाइन महिनोन्‌महिने अशीच सावकाश चालते.

याच काळात आणखी एक कागद डोक्यावर होता. माझे कार्ड ३० सप्टेंबरला संपणार होते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, आणि २० मे २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीची नवी नियमावली लागू झाल्यामुळे आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी दिलेली यादी जशीच्या तशी वापरण्याची सोय राहिली नव्हती. मी ११ ऑगस्टला दुपारी, हात धुऊन, वाइनरीच्या संगणकावरून 'मर्क्युरिओ' या सरकारी व्यासपीठावर ई-एक्स ०० हा फॉर्म, ०५२ प्रकारच्या चलनाची पावती, पहिल्या वर्षाचे गुणपत्रक, दुसऱ्या वर्षाचा प्रवेश, विमा आणि बँकेचे कागद चढवले. अर्जाची पोच छापून जवळ ठेवावी, कारण निर्णय येईपर्यंत कार्डाची मुदत उलटून गेली तरी तीच पोच आपल्या वास्तव्याचा आधार असते. मात्र त्या काळात भारतात येऊन परत जायचे असेल, तर परतीचे वेगळे परवानगीपत्र लागते. ते काढण्यापेक्षा मी दिवाळी माद्रिदमध्येच केली, चकल्या बिघडल्या.

पैशांचा हिशेब असा झाला : खोलीचे दोन महिन्यांचे ५००, प्रवासाचे सगळे मिळून १७०, बूट ४५, किराणा आणि किरकोळ ३१० युरो. इंटर्नशिप बिनपगारी होती, त्यामुळे हे सगळे घरून आलेल्या पैशांतून गेले. ज्यांना हे परवडणारे नसेल त्यांनी करारात निवास मिळतो का ते आधी विचारावे. मला विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर कळले की वाइनरीच्या वरची खोली रिकामीच होती. शेवटच्या दिवशी तासांच्या नोंदीवर आणि अहवालावर सही घ्यायला विसरू नका. माझी एक सही राहिली, आणि हंगामाच्या धावपळीत ती मिळायला पुढे तीन आठवडे लागले.

१२ नोव्हेंबरला मालकीणबाईंचा संदेश आला की, आमची पहिली टाकी १३.१ टक्क्यांवर थांबली. डिसेंबरमध्ये नवे कार्ड घेऊन मी घरी आले, तेव्हा त्यांच्या आदल्या वर्षीच्या वाइनच्या ३७५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या सोबत होत्या. दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे विमानतळावर काही अडले नाही. वडील पीत नाहीत. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बाटली उजेडात धरून रंग पाहिला आणि भाव विचारला. मी सांगितले की वाइनरीत १६ युरोंना जाते आणि एका बाटलीला साधारण दीड किलोच्या वर द्राक्षे लागतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हा हिशेब ज्यांच्या बोटांवर आहे ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण वाफा उघड्यावर ना? रात्री पाऊस आला तर माणसं किती असतात तुमच्याकडे?"

चार, मी म्हटले.